स्वयंचलित गाडीस हाताचा गियर

मानखुर्दच्या नाक्यावर सायंकाळीं जो कोणी उभा राहिला असेल, त्यानें पनवेलकडे निघालेल्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानें सरकतांना पाहिलीच असेल. त्या रांगेंत दोन जातींच्या गाड्या असतात. एकींत चालकाचा डावा पाय घडोघडी क्लच दाबीत असतो व डावा हात गियरच्या दांड्यावर असतो. दुसरींत डावा पाय स्वस्थ असतो, कारण गियर बदलण्याचें काम गाडी आपण होऊन करिते. या दुसऱ्या जातीस स्वयंचलित किंवा ऑटोमॅटिक म्हणतात. अशा गाडीची गियरपेटी बिघडली आणि दुरुस्तीचा आंकडा ऐकून मालकाचे डोळे पांढरे झाले, म्हणजे कोणी तरी सल्ला देतोच कीं, ती काढून टाका व साधी मॅन्युअल पेटी बसवा. हा सल्ला कितपत शहाणपणाचा आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम गियर हवाच कशाला, हें पाहूं. इंजिनास माणसाप्रमाणें जागच्या जागीं उभें राहून जोर लावितां येत नाहीं. त्याचा दांडा मिनिटास सुमारें 800 फेरे घेत असेल तेव्हांच तें जिवंत राहतें; त्याहून फार मंद केलें तर बंद पडतें. उलट, थांबलेल्या गाडीचें चाक मुळींच फिरत नसतें. या दोघांची सोयरीक जमविणें हें गियरपेटीचें काम. लहान मोटारींत पहिल्या गियरमध्यें इंजिनाचे साधारण 14 फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. चाकाचा घेर 1.8 मीटर धरिला, तर 800 फेऱ्यांत गाडी मिनिटास सुमारें 103 मीटर, म्हणजे तासास सहा किलोमीटरांच्या आसपास चालते. वेग थोडा, पण जोर मोठा. सर्वांत वरच्या गियरमध्यें इंजिनाच्या सुमारें 3.2 फेऱ्यांस चाकाचा एक फेरा होतो. ताशी 60 किलोमीटर वेगास इंजिनाचे फेरे किती होतील, हें वरच्या वर्गांतील मुलांनीं स्वतः काढून पाहावें. उत्तर 1,800 च्या जवळ यावें.

तरीहि फिरतें इंजिन व स्थिर चाक यांना झटका न बसतां जोडावयाचें कसें, हा प्रश्न उरतोच. साध्या गाडींत तें काम क्लच करितो. घर्षणाचें अस्तर लाविलेली एक चकती, दोन ताटांमध्यें दाबून धरिलेल्या भाकरीसारखी, इंजिनाचें जड फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्यें असते. पाय दाबला कीं दाब सुटतो. पाय हळूहळू उचलला कीं चकती थोडी घसरत घसरत पकड घेते. जुन्या धर्तीच्या स्वयंचलित गाडींत या चकतीच्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर असतो. विजेचा एक पंखा चालू करून त्याच्या समोर दुसरा बंद पंखा ठेविला, तर पहिल्याच्या वाऱ्यानें दुसरा फिरूं लागतो. येथें वाऱ्याऐवजीं तेल असतें आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यांत समोरासमोर बसविलेले असतात. पुढें सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तशीं दांत्यांचीं चाकें असतात व त्यांपैकीं कोणतें धरावयाचें, कोणतें सोडावयाचें हें तेलाच्या दाबानें ठरतें. 1940 सालच्या नमुन्याच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ नांवाची अशी पेटी अमेरिकेंत मोठ्या प्रमाणावर प्रथम विकली गेली. तींत तेलाची जोडणी होती, पण खरा टॉर्क कन्व्हर्टर नव्हता.

आपल्याकडे मात्र कित्येक पिढ्या हातानेंच गियर बदलीत वाढल्या. मानखुर्दपासून फार दूर नसलेल्या कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. तेथें निघालेल्या पद्मिनीचा गियरचा दांडा बहुधा सुकाणूच्या खांबालाच असे. 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या काळ्यापिवळ्या टॅक्सींचा शेवट झाला. 2014 पासून आपल्या देशांत स्वस्त गाड्यांतहि एक निराळी स्वयंचलित पद्धत पसरली आहे. तिला ए.एम.टी. म्हणतात. तींत पेटी साधीच असते. क्लच दाबणारा पाय व दांडा ओढणारा हात मात्र यंत्राचे असतात. म्हणून ए.एम.टी. गाडीस मॅन्युअल करणें इतर स्वयंचलित गाड्यांहून सोपें, कारण पेटीचा सांगाडा बदलावा लागत नाहीं. सोपें म्हटलें, क्षुल्लक म्हटलें नाहीं.

आतां मूळ कामाकडे वळूं. ‘पेटी बदलणें’ या दोन शब्दांनींच लोक फसतात. पेटी ही गाडीच्या पोटांतील सुटी वस्तु नव्हे. तिचे हातपाय सगळ्या गाडीभर पसरलेले असतात. त्यासाठीं त्याच नमुन्याची, त्याच इंजिनाची व शक्य तों त्याच वर्षाची एक मॅन्युअल गाडी मोडींत निघालेली मिळाली, तर काम अर्धें झालें असें समजावें. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांत नुसती पेटी मिळते. परंतु पेटीबरोबर जें शेंपूट लागतें तें एकेक करून शोधूं गेल्यास महिना जातो.

त्या शेंपटांत काय काय येतें? स्वयंचलित गाडीच्या इंजिनाच्या दांड्यास पातळ पत्र्याची चकती असते. ती काढून जड फ्लायव्हील बसवावें लागतें आणि त्याचे बोल्टहि त्याचेच लागतात, कारण जुन्यांची लांबी बहुधा जुळत नाहीं. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग. हीं तीन नवींच घालावीं. पेटी पुन्हां उतरविण्याची मजुरी त्यांच्या किमतीहून जड जाते. दोन्ही पेट्यांची लांबीरुंदी सारखी नसते, म्हणून इंजिनाचे रबरी आधार व चाकांकडे जाणारे ॲक्सल तपासून घ्यावे लागतात. पायाशीं तीन पेडलें हवींत: स्वयंचलित गाडीचें ब्रेकचें रुंद पेडल काढून अरुंद लावावें लागतें, क्लचचें नवें जोडावें लागतें, व बहुतेक गाड्यांत त्याच्या तेलाची नळी इंजिनापर्यंत न्यावी लागते. पेटीचें तेल थंड करण्यासाठीं रेडिएटरकडे गेलेल्या नळ्या नीट बंद कराव्या लागतात.

येथवरचें काम पान्ह्याचें झालें. याहून बिकट काम तारांचें. स्वयंचलित गाडी दांडा ‘पी’ किंवा ‘एन’ वर असल्याशिवाय सुरूच होत नाहीं. पेटी काढली कीं तो खटका नाहींसा होतो, आणि घाईचा मिस्त्री दोन तारा एकत्र पिळून मोकळा होतो. मग गियरमध्यें असलेली गाडी किल्ली फिरवितांच पुढें उडी घेते. समोर मूल उभें असेल तर काय होईल, हें सांगावयास नको. त्या तारा क्लचच्या पेडलाच्या खटक्यास जोडणें हाच खरा उपाय. मागच्या दिव्याच्या व वेगदर्शकाच्या ताराहि नव्या पेटीस मिळवाव्या लागतात. नव्या गाड्यांतील संगणक तर नाहींशा झालेल्या पेटीची विचारपूस करीतच राहतो व उत्तर न मिळाल्यास इंजिनाचा जोरच कमी करितो. त्यासाठीं मॅन्युअल गाडीचा संगणक लागतो, आणि तो आपल्या किल्लीस ओळखेल असें करून घ्यावें लागतें.

बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्च मांडणाऱ्या मनुष्याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पण या हिशेबांत पैशाखेरीज आणखी एक रकाना असावा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत स्वयंचलित गाडी झटके देऊं लागली. आई दवाखान्यांत परिचारिका. रात्रपाळीस तीच गाडी घेऊन जात असे. मुलानें जुनी मॅन्युअल पेटी स्वस्तांत ठरविली, घरांत सर्वांनीं मान डोलाविली, आईहि कांहीं बोलली नाहीं. शेवटीं मिस्त्रीनेंच विचारलें, "गाडी चालवतं कोण?" तेव्हां उलगडा झाला कीं आईचा डावा गुडघा जवळजवळ निकामी आहे, क्लच दाबणें तिला शक्यच नव्हतें. खर्च वाढूं नये म्हणून ती गप्प राहिली होती. मिस्त्रीनें पेटी उतरविण्याऐवजीं आधीं तेल काढून पाहिलें. तें काळें पडलें होतें. तेल, गाळणी व दाब ठरविणारा एक विजेचा झडप-खटका बदलल्यावर गाडी पूर्ववत् चालूं लागली. प्रत्येक वेळीं इतकें सोपें होत नाहीं. पाणी शिरलेल्या पेटींतील घर्षणाचे थरच सुटून येतात, आणि 26 जुलै 2005 सारखा दिवस (सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस) आपल्या उपनगरांनीं पाहिला आहे. तरी रोग ओळखल्यावांचून अवयव कापूं नये, इतकें तर घडावेंच.

एवढें करूनहि बदल ठरलाच, तर कायद्याकडे पाहावें. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वयें, नोंदणींतील माहिती कारखान्यानें मूळ दिलेल्या माहितीहून वेगळी होईल असा फेरफार मालकानें करूं नये; 2019 च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकच लाविला. म्हणून पान्हा हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयास (आपल्या भागाचें वडाळ्यास आहे) लेखी विचारावें, व विमा कंपनीसहि पत्रानें कळवून उत्तर जपून ठेवावें. अपघातानंतर "आम्हांस माहीत नव्हतें" हें उत्तर विमा कंपनीकडे चालत नाहीं.

काम पुरें झाल्यावर लगेच महामार्गावर जाऊं नये. आधीं मोकळ्या मैदानांत प्रत्येक गियर पडतो कीं नाहीं, दांडा आपोआप सुटून येतो कीं काय, हें पाहावें. क्लच सोडलेला असतांना किल्ली फिरवून गाडी सुरू होत नाहीं, याचीहि एकदां खात्री करावी. मग रहदारी नसतांना पहाटे एखाद्या चढावर गाडी थांबवून हातब्रेकवर उभी करावी व त्यावरूनच पुढें काढावी. स्वयंचलित पेटींत ‘पी’ वर दांडा ठेवितां गाडी अडकविणारा एक दांता असतो. तो आतां गेलेला असतो, आणि उतारावर उभ्या केलेल्या गाडीचा सारा भार त्या हातब्रेकवर येतो. घरांतील ज्यांस जुनी संवय आहे त्यांना ही गोष्ट पहिल्याच दिवशीं सांगावी, व गाडी उभी करितांना पहिला गियर टाकून ठेवावयास शिकवावें. आठवडाभरानें पेटीखालीं कागद पसरून तेलाचा थेंब पडतो कीं काय, तें पाहावें.