‘फार वेळ’ म्हणजे किती तास?

एका सेकंदाचे दहा कोटी भाग करा. त्यातले साधारण साडेनऊ भाग हातात घ्या. एवढ्याशा वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 28 मीटर जातो. 1991 च्या आखाती युद्धात सौदी अरेबियात दहरानला तैनात असलेल्या अमेरिकी पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या गणितात दर ठोक्याला एवढीच चूक होत होती.

तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजायचं. एक दशांश ही संख्या आपल्याला अगदी सोपी. पण द्विमान पद्धतीत ती कधी संपतच नाही, जसे एकाला तिनाने भागलं की तीन-तीन-तीन येत राहतात. 24 बिटांपुढचं शेपूट कापलं गेलं, आणि कापलेलं साठत गेलं. तासाला 36 हजार ठोके. 25 फेब्रुवारीला यंत्रणा सलग 100 तास चालू होती, म्हणजे 36 लाख ठोके. चूक झाली सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश. इराकचं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडारने आभाळात भलत्याच जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, म्हणून पेट्रियट सुटलंच नाही. स्कड सैनिकांच्या बराकीवर पडलं. 28 जण गेले.

रीबूट करायला 60 ते 90 सेकंद लागायचे. मग जवानांनी ते केलं का नाही? त्यांना चार दिवस आधी एक संदेश आला होता: यंत्रणा फार वेळ सलग चालवली तर नेम सरकू शकतो. ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. वास्तविक इस्रायलकडून आलेल्या माहितीवरून आठ तासांत काय बिघडतं ते तज्ज्ञांना दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. दुरुस्त प्रोग्राम दहरानला पोचला 26 तारखेला. एका दिवसाने उशिरा.

हा दोष मी जवानांच्या पदरात टाकणार नाही. तासांचा आकडा ज्याच्याकडे होता, जबाबदारीही त्याचीच.

आकडा सांगूनही माणूस चुकतो, हे खरं. 14 सप्टेंबर 2004 ला कॅलिफोर्नियात पामडेलच्या हवाई नियंत्रण केंद्राचा विमानांशी आवाजाचा संपर्क तुटला, तो तीन तासांहून जास्त. आभाळात शेकडो विमानं होती. किमान पाच वेळा दोन विमानं ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ आली. यंत्रणेत मिलिसेकंद मोजणारा 32 बिटांचा कप्पा होता. त्यात मावतात 4,29,49,67,296 मिलिसेकंद. म्हणजे 49 दिवस 17 तास आणि वर काही मिनिटं. म्हणून नियम होता, दर 30 दिवसांनी यंत्रणा रीबूट करायची. ते राहून गेलं. कारण जाहीर झालं: मानवी चूक.

पण चार अब्जांच्या वर मोजणारं यंत्र आपली मर्यादा जवळ आल्याचं आधी बोललं का नाही? धोक्याची सूचना न देता ते बंद पडलं आणि राखीव यंत्रणाही कोसळली. हजारो लोकांचा जीव एका माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवणाऱ्या रचनेची चूकही मानवीच आहे, फक्त ती करणारा त्या दिवशी ड्युटीवर नव्हता.

2015 मध्ये बोइंग 787 विमानांबाबतही असाच आदेश निघाला. वीजपुरवठा सलग 248 दिवस चालू राहिला तर जनरेटर नियंत्रित करणारी युनिट्स एकाच वेळी बंद पडू शकत होती. उपाय तोच, आधी बंद करून पुन्हा चालू करा. दोनाचा 31 वा घात शतांश सेकंदांत मोजून बघा, 248 दिवस आणि वर अर्धा दिवस निघतो.

पुढची तारीखही ठरलेली आहे. 1 जानेवारी 1970 पासून 32 बिटांत सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांची जागा मंगळवारी, 19 जानेवारी 2038 ला, भारतात सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी भरेल. तोवर बदलल्या नाहीत, तर पुढच्याच सेकंदाला त्यांच्यापैकी अनेकींना आजची तारीख 1901 सालातली वाटेल.