गाळलेले पाणी आणि खडकातील द्रव्ये

पाणी गाळून पिणे हा आपल्या घरांतील अगदी पहिल्या संस्कारांपैकी एक. दुहेरी वस्त्रातून ते गाळावे आणि उपवासाला उकळून घ्यावे. या आचारामागे जीवदया आहे. रोगराईपासून होणारे रक्षण हा त्याचा आनुषंगिक लाभ. परंतु खडकातून पाण्यात विरघळलेली द्रव्ये वस्त्रात अडकत नाहीत आणि उकळल्याने नाहीशीही होत नाहीत.

बीड जिल्ह्याखालचा काळा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्यात लोह विपुल. तांबे, जस्त, क्रोमियम, निकेल हे धातूही निसर्गतःच असतात. त्याच पाषाणाची झीज होऊन आपली काळी जमीन तयार झाली. त्यामुळे माती परीक्षणात क्रोमियम किंवा निकेल आढळले, तर लगेच एखाद्या कारखान्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. शिवाय ही चुनखडीयुक्त, चिकण माती धातूंना घट्ट धरून ठेवते; पिकांच्या मुळांना ते फारसे मिळत नाहीत. म्हणूनच जस्त जमिनीत असूनही शेतकऱ्याला झिंक सल्फेट टाकावे लागते. आपल्या आडतीवर येणाऱ्या तूर-हरभऱ्याबाबत या कारणाने धास्ती बाळगायला नको.

पाण्याचे तसे नाही. बीडच्या निजामशाहीकालीन खजाना विहिरीसारख्या जुन्या विहिरी वरच्या झिजलेल्या थरातील, दर पावसाळ्यात बदलणारे पाणी देत. दुष्काळांनी आपल्याला बोअरकडे ढकलले. बँकेत कर्जप्रकरणे पाहताना बोअरची खोली आणि पंपाची अश्वशक्ती आम्ही बारकाईने नोंदवीत असू. पाण्यात काय विरघळले आहे, यासाठी मात्र अर्जात रकाना नव्हता. खोल भेगांतील पाणी दीर्घकाळ खडकाच्या सहवासात असते आणि त्याची द्रव्ये घेते. त्यांतील नित्य तपासावे असे द्रव्य म्हणजे फ्लोराइड. तो धातू नव्हे, पण येतो खडकातूनच. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम इष्ट, तर पर्यायी स्रोत नसल्यास कमाल मर्यादा 1.5. त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि प्रमाण फारच असेल तर हाडे व सांधे ताठरतात. नांदेडच्या किनवट भागात, जिथे ग्रॅनाइटसारखा खडक आहे, हे दुखणे जुने आहे. आपल्या बेसाल्टमध्ये धोका तुलनेने कमी, पण शेजारशेजारच्या दोन बोअरचे पाणीही सारखे नसते.

गृहिणींना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. भांड्यावर पांढरा थर धरणारे जड पाणी आपल्याला नकोसे वाटते. डाळ लवकर शिजवणारे मऊ पाणी आवडते. वस्तुतः जड पाण्यातील कॅल्शियम फ्लोराइडला काही अंशी बांधून खाली बसवते. खोल बोअरच्या मऊ, अल्कधर्मी पाण्यात ते मोकळे राहते. तेव्हा चवीवरून निवाडा करू नये.

बांगलादेशात 1970 च्या दशकापासून तळ्यांतील जंतू टाळण्यासाठी लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतू टळले, आणि गाळाच्या थरांतील नैसर्गिक आर्सेनिक घराघरांत पोहोचले. हेतू शुद्धच होता.

उकळण्याचा हिशेबही पाहा. 1.2 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले एक लिटर पाणी उघड्या पातेल्यात आटून पाऊण लिटर उरले, तर प्रमाण साधारण 1.6 होते. व्रतासाठी पाणी अवश्य उकळावे, पण झाकण ठेवून, आणि आटू न देता. साधे कँडल फिल्टर किंवा अतिनील किरणांचे यंत्र येथे उपयोगी नाही. आरओ यंत्र बहुतांश फ्लोराइड काढते. छतावरील पावसाचे पाणी टाकीत साठवणे मला अधिक पसंत, कारण त्याचा खडकाशी संबंधच आलेला नसतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. नमुना काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या बाटलीत द्यावा. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी, आणि पंप थोडा वेळ चालू ठेवून मगच भरावी. एक नमुना पावसाळ्यानंतर आणि दुसरा भर उन्हाळ्यात द्यावा. अर्जात फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक आणि क्रोमियम ही नावे स्पष्ट लिहावीत.