मधपेटीतील छुपा शत्रू

भरलेली मधपेटी पाहून तिच्या धन्याला समाधान वाटते. परंतु पेटी भरलेली दिसत असतानाच आत ‘व्हरोआ’ पुष्कळ माजलेला असू शकतो. टाचणीच्या डोक्याएवढा, तांबूस रंगाचा हा कोळ्याच्या वर्गातील जीव मधमाशीला चिकटून तिच्या शरीरातील चरबीवर जगतो आणि पंख खुरटविणारा विषाणू पसरवितो.

मुळात हा आशियातील सातेरी माशीवरचा. तिच्या पोळ्यात त्याची वीण मुख्यतः नरांच्या घरांतच होते; शिवाय ती त्याला अंगावरून झटकूनही काढते. युरोपीय माशीला ही विद्या पुरेशी साधलेली नाही. तिच्या कामकरी माशांच्या घरांतही तो वाढतो, आणि उपचाराविना वसाहत बहुधा ओस पडते.

म्हणून आधी मोजणी करावी. राणी वगळून सुमारे ३०० माशा जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात व पिठीसाखर घालून हलवाव्यात. जाळीतून ९ व्हरोआ पडले, तर प्रमाण शेकडा ३ झाले. मग उपचार लांबवू नये.

नरांच्या झाकलेल्या घरांचे पोळे, अंडी घातल्यापासून २४ दिवसांच्या आत, काढून टाकावे. ऑक्झॅलिक आम्ल मेणाच्या झाकणाखाली पोचत नाही; ते अळ्या नसताना वापरावे. फॉर्मिक आम्लाची वाफ आत पोचते. मात्र कडक उन्हाळ्यात ती माशांनाच जाचते. एकच औषध सतत वापरल्यास व्हरोआ त्याला सरावतो. उपचारानंतर पुन्हा मोजावे; कारण ढासळलेल्या पेटीतील उपद्रव शेजाऱ्याच्या पेट्यांतही शिरतो.