पत्राचा मुक्काम कोठे?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या वर्गातील एक मित्र शिष्यवृत्तीच्या पत्राची वाट पाहत होता. दिवसातून दहा वेळा मोबाईल उघडून पाही. पण पत्र काही येईना. शेवटी त्याने कचेरीत फोन केला. उत्तर मिळाले, "ई-मेल पाठवून आठ दिवस झाले. मूळ कागदपत्रे परवापर्यंत आली पाहिजेत." बिचाऱ्याने कचेरीला, मोबाईलला आणि नशिबाला, तिघांनाही दोष दिला. वस्तुतः तिघेही निर्दोष होते. पत्र आले होते. ते त्याच्या काकांच्या दुकानातील जुन्या संगणकात सुखरूप पडून होते!

हे घडले कसे? दिवाळीच्या सुट्टीत दुकानात बसला असता त्याने त्या संगणकावरील एका प्रोग्रॅमला आपले खाते जोडले होते. सुट्टी संपली आणि तो ते विसरून गेला. संगणक मात्र विसरला नाही. दुकान उघडले की तो इमानाने सर्व पत्रे उतरवून घेई आणि मागे एकही शिल्लक ठेवत नसे. रात्री आलेले पत्र सकाळपर्यंत मोबाईलवर दिसे आणि दुकानाचे शटर वर गेले की नाहीसे होई. त्या खात्यावर एरवी जाहिरातींखेरीज फारसे काही येत नसल्यामुळे हा प्रकार कोणाच्या ध्यानातच आला नाही.

आज आपल्यापैकी बहुतेकांचे एकच ई-मेल खाते स्वतःच्या मोबाईलवर, घरच्या संगणकावर आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असे तीन-चार ठिकाणी उघडले जाते. म्हणून एक साधा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे : माझे पत्र नेमके राहते कोठे?

आपल्याला कोणी ई-मेल पाठवली की ती थेट आपल्या मोबाईलवर येत नाही. ती प्रथम सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकावर, येऊन थांबते. हा सर्व्हर म्हणजे पोस्टातील आपल्या नावाची पेटी समजा. त्या पेटीतील पत्र वाचण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीचे नाव 'पॉप' आणि दुसरीचे 'आयमॅप'.

पॉप ही रीत १९८४ साली प्रथम मांडली गेली. तिची कल्पना अशी की, किल्ली घेऊन पोस्टात जावे, पेटीतील सारी पत्रे पिशवीत भरावी आणि घरी आणावी. पेटी रिकामी. त्या काळी हे योग्यच होते. सर्व्हरवर जागा थोडी असे आणि एका माणसाचा संगणकही बहुधा एकच असे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून चाले आणि जोडणीच्या वेळेचे पैसे पडत. झटपट पत्रे उतरवून फोन बंद करणे आणि मग निवांत वाचणे, यातच शहाणपण होते. परंतु एकाच पेटीच्या किल्ल्या तिघांकडे असल्या आणि त्यांतला एक रोज पिशवी भरून नेऊ लागला, तर बाकीच्या दोघांना रिकामी पेटीच दिसणार. आमच्या मित्राचे नेमके हेच झाले.

दुसरी रीत, आयमॅप, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली सुरू केली. हिच्यात पत्र पेटीतून हलतच नाही. मोबाईल, संगणक, टॅबलेट या केवळ खिडक्या. कोणत्याही खिडकीतून डोकावले तरी आत तेच पत्र. पत्र वाचले, उत्तर दिले, महत्त्वाचे म्हणून खूण केली, तर या सर्व नोंदी सर्व्हरवरच होतात. त्यामुळे सकाळी बसमध्ये मोबाईलवर वाचलेले पत्र संध्याकाळी संगणकावर 'वाचलेले' म्हणूनच दिसते आणि अर्धवट लिहिलेला मसुदा दुसरीकडे पूर्ण करता येतो. काही कंपन्यांची मोबाईल ॲप स्वतःच्या निराळ्या पद्धतीने चालतात. पण तत्त्व हेच.

मात्र या सोयीची दुसरी बाजू ओळखली पाहिजे. पत्र एकच असल्यामुळे एका खिडकीतून ते पुसले की सगळीकडूनच पुसले जाते. मोबाईलची जागा भरली म्हणून पुष्कळजण जुन्या ई-मेल धडाधड पुसतात आणि मनात म्हणतात, "संगणकावर तर आहेतच!" त्या तेथे नसतात. तीन ठिकाणी दिसणारे पत्र म्हणजे तीन प्रती नव्हेत. पुसलेले पत्र काही दिवस कचरापेटीत राहते; जीमेलमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. त्यानंतर ते गेलेच म्हणून समजावे. नुसती गर्दी कमी करावयाची असेल, तर पुसण्याऐवजी 'अर्काइव्ह' करावे. पत्र समोरून हटते, पण शोधल्यास सापडते.

याउलट, मोबाईलवर जुनी पत्रे दिसत नाहीत म्हणून घाबरूनही जाऊ नये. जागा वाचवण्यासाठी मोबाईल पुष्कळदा अलीकडच्या काही दिवसांचीच पत्रे स्वतःजवळ ठेवतो. बाकीची सर्व्हरवर असतात. तसेच, मोबाईलवरून खाते काढून टाकणे आणि पत्रे पुसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आयमॅपने जोडलेले खाते काढले तर खिडकी बंद होते, पेटीला धक्का लागत नाही.

तेव्हा करावयाचे काय? आपले खाते कोठे कोठे जोडले आहे, याची यादी एकदा करावी. जेथे प्रोग्रॅममध्ये जोडले असेल तेथे आयमॅप निवडावे. काही कारणाने पॉपच ठेवणे भाग असेल, तर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण करण्यास विसरू नये. प्रवेशपत्र, निकाल, नेमणुकीचे पत्र यांची प्रत खात्याबाहेर वेगळी जपावी. शक्य तर कागदावरही काढावी. सार्वजनिक संगणकावरून उठताना 'साइन आउट' केल्यावाचून उठू नये. मोबाईल हरवलाच, तर दुसऱ्या उपकरणावरून खाते उघडून हरवलेल्या मोबाईलचा प्रवेश बंद करावा आणि पासवर्ड बदलावा. ज्या दाराने आपण आत जातो, त्याच दाराने दुसराही जाऊ शकतो.

आमच्या मित्राचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिलेच. दुकानातील संगणकावर पत्र सापडताच त्याने ते छापून घेतले आणि रात्रीच्या एस. टी.ने स्वतःच कागदपत्रे घेऊन गेला. शेवटच्या दिवशी ती दाखल झाली. परत आल्यावर त्याने प्रथम काकांच्या संगणकावरून आपले खाते काढले. पण त्याआधी त्यात अडकलेली सर्व पत्रे एकेक करून स्वतःला परत पाठवली. त्यांत आमच्यापैकी तिघांनी त्याला पाठवलेली पत्रेही होती. उत्तर आले नाही म्हणून आम्ही त्याच्यावर उगाच रुसलो होतो!