चोवीस तासांचा रक्तदाब

पवनी किंवा लाखांदूरहून एसटीने भंडाऱ्यास यायचे, रांगेत ताटकळायचे आणि नाव पुकारताच लगबगीने आत जाऊन दंडाला पट्टा बांधून घ्यायचा. अशा वेळी यंत्रावर उमटलेला १६० हा आकडा व्याधीचा, प्रवासाचा, की डॉक्टरांच्या धास्तीचा?

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा या जिल्ह्यांबरोबर भंडाऱ्याचीही निवड झाली होती. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजावा आणि ठरलेल्या क्रमाने औषध वाढवावे, ही त्यामागील पद्धत. औषधाची मात्रा आकड्यावर ठरते, म्हणूनच तो आकडा खरा असावा लागतो.

काहींचा रक्तदाब केवळ दवाखान्यातच चढतो. काहींचा तिथे उत्तम दिसतो आणि घरी मात्र वाढलेला असतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्याचा संशयच येत नाही. अशा वेळी चोवीस तासांची नोंद उपयोगी पडते. कमरेला लहानसे यंत्र, दंडाला पट्टा. दिवसा साधारण दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री अर्ध्या ते एका तासाने तो आपोआप फुगतो. त्या क्षणी हात सैल व स्थिर ठेवावा, बोलू नये. झोपेची, औषधाची वेळ कागदावर टिपावी. हे काम घरच्यांनी करावे. झोपमोड थोडी होते, हे खरे.

पण खरी माहिती त्या रात्रीतच दडलेली असते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा घोरताना श्वास अडखळणे असेल, तर तो उतरेलच असे नाही. रात्रीची सरासरी १२०/७० किंवा त्याहून अधिक असल्यास ती वाढलेली मानतात. दिवसासाठी ही मर्यादा १३५/८५ आहे.

वृद्धांच्या बाबतीत उलटी बाजूही तेवढीच गंभीर आहे. दवाखान्यातल्या चढ्या आकड्यावरून गोळ्या वाढत जातात आणि पहाटे लघवीला उठलेले आजोबा भोवळ येऊन पडतात. मग मोडलेल्या खुब्याचे दुखणे सुरू होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात घामाने शरीरातले पाणी कमी झाले, की हा धोका वाढतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

हे यंत्र सर्वत्र मिळत नाही. तिथे दंडावर बांधायच्या स्वयंचलित यंत्राने सात दिवस घरीच सकाळ-संध्याकाळ मोजावे. त्याआधी अर्धा तास चहा नको, खर्रा तर नकोच. लघवी करून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आल्यास वही घेऊन आरोग्य केंद्रात जावे. यंत्रही सोबत न्यावे. तिथल्या यंत्राशी ते पडताळून घेता येते.