डाय कटिंगचं मशीन: ब्रँडच्या आधी थर समजून घ्या

कागदी फुलं, वाढदिवसाची कार्डं, रुखवतातल्या वस्तू अशी हौस जरा वाढली की पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं मशीन घेऊ?’ उत्तरात लोक किंमत आणि ब्रँड सांगतात. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. काय कापायचं, कोणत्या कागदावर आणि किती नग, हे ठरलं की निम्मी मशीनं आपोआप बाद होतात. ते ठरवण्याच्या आड मात्र काही पक्के गैरसमज येतात.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे क्रिकट आणि बिग शॉट ही एकाच कामाची स्वस्त-महाग रूपं आहेत. तसं नाही. सिझिक्सच्या बिग शॉटमध्ये उसाच्या चरकासारखे दोन रूळ असतात. धारदार धातूची डाय, तिच्यावर कागद आणि खाली-वर प्लेटा असा थर रचून हँडल फिरवलं की दाबाने आकार कापला जातो. जी डाय तुमच्याकडे आहे तेवढाच आकार निघतो. क्रिकट, सिल्हुएट कॅमिओ, ब्रदरचं स्कॅन-एन-कट यांत डाय नसते. बारीक पातं चित्राबरहुकूम कागदावर फिरतं. नाव, अक्षरं, रोज नवा आकार हवा असेल तर हेच मशीन. पण त्याबरोबर सॉफ्टवेअर शिकणं आलं आणि कागद धरून ठेवणारी चिकट मॅट अधूनमधून बदलणंही. सिल्हुएटच्या सॉफ्टवेअरची मूळ आवृत्ती फुकट मिळते, मात्र तिच्यात एसव्हीजी फाइल उघडत नाही. त्यासाठी वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते. ही गोष्ट खरेदीआधी कळलेली बरी.

एम्बॉसिंगच्या बाबतीत हा फरक आणखी महत्त्वाचा. एम्बॉसिंग फोल्डरच्या एका बाजूला नक्षीचा उठाव आणि दुसऱ्या बाजूला तोच खोलगट साचा असतो. मध्ये कागद ठेवून दाबला की संपूर्ण पानावर नक्षी उठते. ते काम रुळांच्या दाबाचं आहे. पात्याच्या काही मशीनला टोकदार अवजार लावून कागदावर रेघा दाबता येतात, पण फोल्डरसारखा भरीव उठाव त्यातून येत नाही. आणि शाईच्या ठशावर पावडर टाकून हीट गनने फुगवतात, त्यालाही एम्बॉसिंगच म्हणतात. तेवढंच करायचं असेल तर मशीन घ्यायचीच गरज नाही.

‘मोटरचं मशीन जास्त जोरात कापतं’ हेही सर्रास ऐकू येतं. जेमिनीसारख्या मशीनमध्ये हँडलऐवजी बटण असतं. मनगट दुखत असेल किंवा तासन्‌तास काम असेल तर तो मोठाच आराम आहे. पण दोन रुळांमधली फट हाताच्या मशीनमध्ये असो की मोटरच्या, ठरावीकच असते. कापण्याचा दाब त्या फटीत जाणाऱ्या थराच्या जाडीवर ठरतो. म्हणून बारीक जाळीदार डाय अर्धवट कापत असेल तर हँडलवर ताकद लावू नका. थरात साध्या कागदाचं एक पान वाढवा आणि पुन्हा फिरवून बघा. त्या एका पानाने जाळीचे अडकलेले कोपरे सुटतात. उलट थर जास्त झाला तर हँडल अडतं. तेव्हा रेटायचं नाही, मागे फिरवून थर कमी करायचा. लांब सरळ कडेची डाय प्लेटवर किंचित तिरकी ठेवा, म्हणजे पूर्ण कड एकाच वेळी रुळाखाली येत नाही आणि हँडल हलकं फिरतं.

याच थरातून डायचा दुसरा उपयोगही मिळतो. आकार कापून झाला की कागद डायमधून काढू नका. धारेच्या बाजूची कटिंग प्लेट बाजूला करून तिथे सिलिकॉनची मॅट आणि जाडी भरून काढणारी प्लेट ठेवा, पुन्हा फिरवा. डायमधल्या रेषा कागदावर उठून दिसतात. एकाच डायमधून कापणं आणि उठाव दोन्ही.

‘प्लेटांवर चरे पडले, कडकड आवाज आला, मशीन बिघडलं’ ही तक्रार बहुतेक वेळा खोटी ठरते. पारदर्शक कटिंग प्लेटा झिजण्यासाठीच असतात आणि कडकड आवाज त्यांचाच असतो. त्या वाकल्या की उलटून वापरा, डायची जागा बदलत राहा. मशीनच्या किमतीत बदली प्लेटांचा खर्च आधीच धरा.

त्याच ब्रँडच्या डाय घ्याव्या लागतात, हेही खरं नाही. पातळ धातूच्या डाय बहुतेक कोणत्याही दाबाच्या मशीनमध्ये चालतात. थर जमवावा लागतो एवढंच. पोलादी पट्टीच्या जाड डायना मात्र मोठी फट लागते. खरी मर्यादा रुंदीची. ६ इंची मशीनमधून ए-५ कागद आडव्या बाजूने जेमतेम जातो, कारण तो १४.८ सेंमी रुंद असतो. घडीच्या कार्डाला ते पुरतं. ए-४ पूर्ण पान एम्बॉस करायचं तर २१ सेंमी रुंद कागद मावेल असंच मशीन बघा.

कागद जितका जाड तितका उठाव चांगला, हा समजही सोडा. जाड आणि गुळगुळीत लेप असलेल्या कार्डशीटला खोल फोल्डरमध्ये चिरा जातात. लांब धाग्यांचा कागद ताण सोसतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत बनणाऱ्या सुती हातकागदावर उठाव फार सुंदर येतो, पण बारीक जाळीच्या डायमध्ये त्याचेच धागे कडेला ओढले जातात. खोल नक्षीआधी कागदावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला तर धागे मऊ पडतात आणि चिरा टळतात.

आता नगांचं. लग्नपत्रिकांचं काम घेण्यासाठी घरगुती मशीन घेणाऱ्यांनी हिशेब करावा. थर रचणं, फिरवणं, काढणं याला एका पत्रिकेमागे मिनिटभर धरलं तरी ३०० पत्रिकांना ५ तास लागतात, तेही एकाच डायसाठी. गिरगावातल्या खाडिलकर रोडसारख्या पत्रिकांच्या बाजारात हे काम पंचिंगवाल्याकडे जातं. तिथे प्लायवूडमध्ये पोलादी पट्टी बसवून डाय तयार होते. कापायची पट्टी उंच आणि घडीची, म्हणजे क्रीझिंगची, किंचित बुटकी, त्यामुळे एकाच दाबात कापणं आणि घडी दोन्ही होतं. मोठी ऑर्डर तिकडे द्या. नमुन्याची ५-१० कार्डं, वरची वेगळी चिकटवायची फुलं, नावाची पट्टी एवढं घरी करा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मशीन मागवत असाल तर हाताच्या मशीनला काहीच अडचण नाही. विजेवर चालणाऱ्याच्या अडॅप्टरवरचा आकडा आधी वाचून घ्या: १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागते, नुसतं ११० किंवा १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावता येत नाही.