पडद्यावरचा पंच

पंच हा शब्द आपल्याला नवा नाही. बांधाचा तंटा असो की कुस्तीचा फड असो, पंच लागतोच. दोघे भांडू लागले की तिसऱ्याने निवाडा करायचा, ही रीत फार जुनी आहे. पंचाच्या हातून चूक झाली तर काय होते, तेही आपण जाणतो. लोक ती चूक वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

आज आम्ही तुम्हाला एका नव्या तऱ्हेच्या पंचाची माहिती सांगणार आहोत. हा पंच फुटबॉलच्या खेळातला आहे. तो मैदानावर उभा नसतो. तो एका खोलीत बसतो आणि पडद्यावर खेळ पाहतो. त्याच्यामुळे चुका कमी झाल्या, असे काही लोक म्हणतात. त्याच्यामुळे खेळातली गंमतच गेली, असे दुसरे म्हणतात. इंग्लंड, नॉर्वे, स्वीडन या देशांत यावरून मोठा वाद झाला आहे. वाद खेळाचा खरा, पण त्यातला प्रश्न आपल्याही कामाचा आहे. यंत्र आणले म्हणजे न्याय आपोआप मिळतो का, हा तो प्रश्न.

खेळ आणि त्याचे पंच

फुटबॉल हा पायाने चेंडू खेळायचा खेळ. इकडे अकरा गडी, तिकडे अकरा गडी. मैदानाच्या दोन टोकांना खांबांच्या दोन चौकटी असतात. समोरच्यांच्या चौकटीत चेंडू घातला की गोल झाला. चौकट राखणारा गडी सोडला, तर कोणी चेंडूला हात लावायचा नाही. खेळ दीड तास चालतो. तेवढ्या वेळात कधी एकच गोल होतो, कधी एकही होत नाही. म्हणून एकेका गोलाला सोन्याचे मोल असते.

मुख्य पंच गड्यांबरोबर धावत असतो. दोन मदतनीस पंच कडेच्या रेषांवर निशाण घेऊन असतात. पाहणारे तिघे आणि गडी बावीस! त्यात चेंडू गोळीसारखा सुटतो. मग चूक होणारच.

22 जून 1986 रोजी मेक्सिको देशात जागतिक स्पर्धेतला एक सामना झाला. अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. अर्जेंटिनाच्या डिएगो मॅराडोनाने चेंडू चक्क हाताने चौकटीत ढकलला. पंचांना ते दिसले नाही. त्यांनी गोल दिला. अर्जेंटिनाने तो सामना 2-1 असा जिंकला. पुढे 2010 साली दक्षिण आफ्रिकेत उलटे घडले. इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डने मारलेला चेंडू रेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला. तो गोल होता, पण पंचांनी दिला नाही.

घरी टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला ही चूक लगेच दिसे. लोक विचारू लागले, "अहो, सगळ्या जगाला दिसतंय, मग एकट्या पंचालाच का दाखवत नाही?"

क्रिकेटमध्ये ही सोय आधीच झाली होती. नोव्हेंबर 1992 मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे कसोटी सामना होता. आपल्या मुंबईच्या सचिन तेंडुलकरला टीव्हीवर पाहून धावबाद दिले. तिसऱ्या पंचाने बाद ठरवलेला तो पहिला फलंदाज. पण क्रिकेट दर चेंडूनंतर थांबते. तेवढ्यात चित्र पाहून घेता येते. फुटबॉल वाहत्या ओढ्यासारखा चालतो. त्याला मध्येच अडवणे अवघड. तंट्याचे मूळ इथे आहे.

नवा पंच काम कसे करतो?

मार्च 2018 मध्ये फुटबॉलच्या नियमांत या पंचाला जागा मिळाली. त्याला व्हिडिओ सहायक पंच म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला व्हीएआर म्हणतात. त्याच्यापुढे अनेक पडदे असतात. मैदानाभोवतीच्या कॅमेऱ्यांची चित्रे त्यांवर येतात. चित्र थांबवता येते, मागे नेता येते, सावकाश चालवता येते. मैदानावरच्या पंचाच्या कानाला यंत्र असते. त्यातून दोघे बोलतात.

तेव्हा ठरलेल्या नियमात चारच बाबी त्याच्याकडे दिल्या होत्या. गोल खरा की खोटा? पेनल्टी, म्हणजे चौकटीसमोरचा दंडाचा फटका, द्यावा की नाही? गड्याला थेट लाल कार्ड दाखवून बाहेर काढावे का? आणि एकाचा गुन्हा चुकून दुसऱ्याच्या माथी मारला का? चूक ढळढळीत असेल तरच त्याने बोलायचे. तो सल्ला देतो. शेवटचा शब्द मैदानावरच्या पंचाचाच असतो. वाटल्यास तो पंच मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर स्वतः पाहून येतो.

ऐकायला हे फार चांगले वाटते. मग लोक भांडतात कशावरून?

पहिली तक्रार: चित्र एक, मते दोन

15 जुलै 2018 रोजी मॉस्को शहरात जागतिक स्पर्धेचा शेवटचा सामना झाला. फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया. दोघांचा एकेक गोल झाला होता. तेवढ्यात क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. मैदानावरच्या पंचांनी पडद्यावर पाहिले आणि पेनल्टी दिली. फ्रान्सने गोल केला आणि पुढे सामना 4-2 असा जिंकला.

चेंडू हाताला लागला, हे चित्रात स्पष्ट होते. पण तो गुन्हा धरावा की नाही? हात मुद्दाम घातला, की चेंडूच येऊन आदळला? हे कॅमेरा सांगत नाही. ते माणसाला ठरवावे लागते. म्हणून चित्र पाहूनही वाद मिटला नाही.

दुसरी तक्रार: पायाच्या बोटाएवढा फरक

फुटबॉलमध्ये ऑफसाइड नावाचा नियम आहे. आपला गडी चेंडू पुढे मारतो, तेव्हा समोरच्यांच्या चौकटीजवळ आधीच जाऊन टपून बसायचे नाही, असा त्याचा अर्थ. चेंडू मारला त्या क्षणी कोण कुठे होता, हे पाहावे लागते.

आता थोडा हिशेब करू. कॅमेरा एका सेकंदात 50 चित्रे घेतो, असे धरा. पळणारा गडी सेकंदाला 8 मीटर जातो, असे धरा. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो 16 सेंटीमीटर, म्हणजे सहा इंचांहून जास्त, पुढे सरकतो. चेंडूला लाथ नेमकी दोन चित्रांच्या मध्ये बसली तर? मग पायाच्या बोटाएवढा फरक सांगायचा कसा?

पण तसाच फरक सांगितला गेला. 9 नोव्हेंबर 2019 रोजी लंडनमध्ये टॉटेनहॅम आणि शेफील्ड युनायटेड यांचा सामना होता. शेफील्डने गोल केला. त्यांचे लोक नाचू लागले. मग पडद्यावर तपासणी सुरू झाली. ती जवळजवळ चार मिनिटे चालली. शेवटी एका गड्याचा अंगठा पुढे होता म्हणून गोल रद्द झाला.

पुढे यात सुधारणा झाली. 2022 साली कतार देशातल्या जागतिक स्पर्धेत चेंडूच्या आतच एक छोटे यंत्र बसवले होते. ते सेकंदाला 500 वेळा चेंडूची खबर देत असे. लाथ कधी बसली, हे त्यामुळे जास्त नेमके कळू लागले.

तिसरी तक्रार: आनंद उधारीवर

ही तक्रार तिकीट काढून मैदानावर जाणाऱ्यांची आहे. ते म्हणतात, "गोल झाला की उडी मारायची, शेजाऱ्याला मिठी मारायची, ह्यासाठी तर आम्ही येतो. आता उडी मारायलाही भीती वाटते. खोलीतला पंच केव्हा गोल पुसून टाकील, नेम नाही. वर काय चाललंय ते आम्हाला कोणी सांगतही नाही."

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, "चार मिनिटं थांबायला काय झालं? चुकीच्या गोलाने वर्षाची मेहनत वाया जाते, त्याचं काय?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

चौथी तक्रार: यंत्र आंधळे, माणूस गप्प

चेंडूने गोलरेषा ओलांडली की नाही, हे सांगणारे एक वेगळे यंत्र असते. गोल झाला की ते पंचाच्या मनगटावरच्या घड्याळात इशारा देते. 17 जून 2020 रोजी इंग्लंडमध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांचा सामना झाला. व्हिलाचा गोलरक्षक चेंडू हातात धरून रेषेच्या आत गेला. घड्याळात इशारा आलाच नाही. खेळाडू आणि खांब मध्ये आल्यामुळे सातही कॅमेऱ्यांना चेंडू दिसला नव्हता. पडद्यावरचा पंचही मध्ये पडला नाही. सामना बरोबरीत सुटला आणि व्हिलाला एक गुण मिळाला. यंत्र चालवणाऱ्या कंपनीने माफी मागितली. पण वर्षअखेर व्हिलाचा संघ खालच्या वर्गात जाण्यापासून वाचला, तो नेमका एका गुणाने!

त्याहून मोठी चूक 30 सप्टेंबर 2023 रोजी झाली. टॉटेनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. मदतनीस पंचाने ऑफसाइडचे निशाण वर केले, म्हणजे मैदानावर गोल नाकारला गेला. खोलीतल्या पंचाने चित्र पाहिले. त्यात गडी बरोबर जागी होता. गोल खरा होता. पण खोलीतल्या पंचाची समजूत अशी झाली होती, की मैदानावर गोल दिलेलाच आहे. म्हणून त्याने "तपासणी पूर्ण झाली" एवढेच कळवले. मैदानावरच्यांना वाटले, आपला नकार बरोबर ठरला. खेळ पुन्हा सुरू झाला.

खोलीत चित्रे मागेपुढे फिरवणारा एक मदतनीस होता. घोटाळा त्याच्या ध्यानात आला. पण खेळ एकदा पुढे गेला की मागचा निर्णय फिरवता येत नाही, असा नियम आहे. लिव्हरपूलचा खरा गोल बुडाला. तो सामना ते 1-2 असा हरले. ही माणसांची मोठी चूक होती, असे पंचांच्या संस्थेने कबूल केले. त्यांचे आपसांतले बोलणेही लोकांना ऐकवले.

इथे कॅमेरा चुकला नव्हता. चित्रही खरे होते. दोन माणसांचे बोलणे अर्धवट राहिले, एवढेच झाले.

मग हा पंच ठेवावा की काढावा?

वुल्व्हज नावाच्या संघाने 2024 साली इंग्लंडमध्ये ठराव मांडला, की हा पंच काढून टाका. जून महिन्यात 20 संघांनी मते दिली. 19 संघ म्हणाले, ठेवा. एकटे वुल्व्हज पडले. नॉर्वेमध्ये जुलै 2024 मध्ये चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानावर माशाच्या वड्या आणि टेनिसचे चेंडू फेकले. तो सामना बंद करावा लागला. तरी मार्च 2025 मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेच्या सभेने पंच ठेवायचेच ठरवले. स्वीडनमध्ये मात्र प्रेक्षकच संघांचे सभासद असतात. त्यांच्या विरोधामुळे तिथे हा बेत सोडून द्यावा लागला.

आम्हाला विचाराल, तर पंच ठेवावा, पण रीत सुधारावी. तशी सुरुवातही झाली आहे. 2023 सालच्या महिलांच्या जागतिक स्पर्धेत पंच तपासणीनंतरचा निर्णय ध्वनिक्षेपकावरून सगळ्या मैदानाला सांगू लागले. लिव्हरपूलच्या घोटाळ्यानंतर इंग्लंडमध्ये नियम झाला, की खोलीतल्या पंचाने निर्णय कळवण्याआधी शेजारच्या मदतनीसाशी तो पक्का करून घ्यावा. गोष्ट साधी आहे. एकाने बोललेले दुसऱ्याने नीट ऐकले की नाही, हे पाहायचे.

मंडळी, आपल्याकडेही यंत्रे आली आहेत. उसाची गाडी काट्यावर चढते. रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर ठेवावा लागतो. यंत्र आहे म्हणून मान डोलवू नका, आणि यंत्र आहे म्हणून नाकही मुरडू नका. आकडा कोणी वाचला, तो मोठ्याने सांगितला का, आणि चूक निघाली तर दाद कोणाकडे मागायची, हे तीन प्रश्न विचारा. आता तुम्हाला वाचता येते. काट्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा स्वतः ताडून पाहा, आणि मगच सही करा.